उभे खोत

आमचे खोत बसत नसत. त्यांच्या घरी बसत असतील, पण आमच्या वाडीत पाऊल टाकलं की जिथे थांबतील तिथे उभे. हात मागे बांधलेले, डोक्यावर पांढरी कापडी टोपी, आणि चेहरा असा की एसटीची वाट बघतोय, आली तर बरं, नाही आली तरी तक्रार नाही. कोणी ‘बसा’ म्हटल्याशिवाय हा माणूस बसत नाही, हे कळायला आम्हाला अख्खा पावसाळा जाऊन वर काही दिवस लागले. आणि खोताला ‘बसा’ म्हणायचं असतं, हे वाडीत कोणालाच माहीत नव्हतं. कसं असणार? आमच्या बापजाद्यांनी खोत बघितला तो बंगलीच्या ओट्यावर बसलेला, आणि ते स्वतः खाली अंगणात, उन्हात उभे.

मी हे चंद्रपूरहून लिहिते आहे. नवरा इथे खाणीवर पोकलेन चालवतो, मी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. शिक्षण सातवी, तीही पुरती नाही. वार्षिक परीक्षेच्या आधी आईबापासोबत वीटभट्टीवर गेले ती परत शाळेत गेले नाही. लिहिताना अजून भीती वाटते की कुठेतरी चुकेन आणि कोणीतरी हसेल. पण खोत म्हणायचे, चुकलेलं खोडता येतं, न लिहिलेलं खोडता येत नाही. म्हणून लिहिते.

पनवेलच्या अलीकडे, ओवे गावाच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमची कातकऱ्यांची वाडी. बत्तीस घरं. वरच्या टेकडीवर खोतांची बंगली. डोंगरापासून रस्त्यापर्यंतची जमीन खोतांची, म्हणजे आमच्या चुलीखालची मातीसुद्धा त्यांचीच. खोती कायद्याने कधीच गेली, पण वाडीत ती सावकाश गेली. माझ्या लहानपणीही रीत होती की हंगामाची पहिली पाटी बंगलीच्या पायरीवर ठेवायची. पहिली करवंदं, पहिले बांबूचे कोंब, पहिल्या चिंबोऱ्या, सगळं आधी वर. घर पक्कं बांधायचं नाही, पत्रा घालायचा तर विचारून. बंगलीत तेव्हा फक्त राखणदार असायचा, तरी पाटी ठेवायची. रिकाम्या घराला आम्ही भीत होतो.

त्यामागे एक जुनी गोष्ट होती, ती हौसाबाय सांगायची. हौसाबाय म्हणजे वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई. वयाचा कागद नाही, पण ऐंशीच्या घरातली असावी. ती लहान असताना या खोतांच्या आजोबांनी वाडीतल्या सगळ्या बापयांना, म्हणजे पुरुषांना, अंगणात बोलावलं. विहीर देतो, अंगठे करा, म्हणाले. सगळ्यांनी केले. विहीर काही झाली नाही. पुढे कळलं, कागदावर लिहिलं होतं की आम्ही खोतांच्या मर्जीने राहतो, सांगतील तेव्हा उठू. हौसाबायच्या बापाच्या अंगठ्याची शाई आठ दिवस निघाली नव्हती. तो रोज माती लावून घासायचा. तेव्हापासून वाडीचं ठरलेलं, अंगठा शाईत बुडाला की हात गेला. रेशनच्या मशीनवर आम्ही अंगठा देतो, कारण तिथे शाई नसते.

अशा वाडीजवळ हे खोत राहायला आले. सत्तरी ओलांडलेले, बायको वारलेली, मुलगा पुण्यात. नोकरीत असताना कुठे कुठे बाहेरगावी राहिलेले. छातीचं ऑपरेशन झालेलं. मुलाने सांगितलं पुण्याला या, हे इकडे आले. आल्यावर आठवडाभरात वाडीतल्या सखूने रिवाजाप्रमाणे कोंबांची पहिली पाटी पायरीवर ठेवली आणि मागे न बघता पळत खाली आली. थोड्या वेळाने बघतो तर काय, खोत ती पाटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन उतारावरून येताहेत. टोपीवर पाटी, एक हात पाटीला, दुसरा हात झाडाझुडपांना. सखू घरात शिरली आणि तिने कडी लावली. तिला वाटलं, कोंब नासके निघाले. खोतांनी पाटी दारात ठेवली आणि उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “ताई, ही तुमची पाटी राहिली होती.” आणि गेले.

‘ताई’ आणि ‘तुमची’. यावरच वाडी आठ दिवस बोलत होती. माझ्या बापाला बंगलीवरून जन्मभर ‘ए’ अशीच हाक आली होती. हा माणूस शेंबड्या पोरालाही ‘तुम्ही’ म्हणतो, म्हणजे याच्या मनात नक्की काहीतरी काळंबेरं आहे, असं आमचं मत पडलं.

त्यानंतर ते रोज यायचे. सकाळी दहाच्या सुमारास एकेका दारासमोर उभे राहायचे, विचारपूस करायचे, आम्ही ‘व्हय’, ‘नाय’ एवढंच बोलायचो, ते पुढच्या दाराला. वाडीत तर्क सुरू झाले. कोणी म्हणालं घरं मोजतोय. कोणी म्हणालं डॉक्टरने चालायला सांगितलंय. शेवटी हौसाबायने निकाल दिला. “त्याला बसाया होत नाय. मूळव्याध हाय त्याला. बापय लाजतान सांगायला.”

हे सगळ्यांना पटलं. हौसाबायने रानातून मुळी आणली, काढा उकळला आणि माझ्या हातात तांब्या देऊन बंगलीवर पाठवलं. मुळी कुठली ते मी लिहिणार नाही, ती रागावेल. खोतांनी विचारलं, कशावरचं औषध? मी मान खाली घालून सांगितलं, बसायला होत नाही त्यावरचं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग तांब्या उचलला आणि तिथेच घटाघट प्यायले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, इतकं कडू होतं ते. सात दिवस मी तांब्या नेला, सात दिवस प्यायले. आठव्या दिवशी मला म्हणाले, “मला तसलं काही झालेलं नाही. पण या वाडीने मला आपणहून दिलेली ही पहिली वस्तू. नको कशी म्हणू?”

मी खाली येऊन हे सांगितलं तेव्हा हौसाबाय एवढी हसली की तिला ठसका लागला. पण ‘बसा’ म्हणायचं अजूनही कोणाला सुचलं नाही. तो मग कशापायी उभा राहतो, हे कोडं तसंच राहिलं.

पावसाळा संपल्यावर खोतांनी वाडीला एकत्र बोलावलं. वर नाही, खाली, आमच्याच चिंचेखाली. स्वतः उभेच. म्हणाले, घरांखालची जमीन तुमच्या नावे करून द्यायची आहे, वाटणीत हा तुकडा माझ्याकडे आला आहे, सह्या-अंगठे लागतील. अंगठे हा शब्द निघाला आणि बायका पोरांना कडेवर घेऊन उठल्या. पाच मिनिटांत चिंचेखाली खोत एकटे.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा पुतण्या आला. मोठी गाडी, पायांत पांढरे बूट. आल्याआल्या हौसाबायच्या बाजेवर बसला, तिच्या नातवाच्या गालाला हात लावला, चहा मागून घेतला. विमानतळामुळे आमच्याकडच्या जमिनीला आलेला भाव आता सगळ्यांना माहीत आहे. वाडीला लागूनची त्याची जमीन त्याने बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं, मधे आमची वाडी अडत होती. तो म्हणाला, काकांचं वय झालंय, आजोबांनी केलं तेच ते करताहेत, कशावरही अंगठा देऊ नका. आम्ही माना डोलावल्या. किती बरं वाटलं ते ऐकून. आमच्याच मनातलं बोलत होता.

खोतांना हे कळलं तेव्हा ते माझ्या दारात आले. मी भाकऱ्या थापत होते. सरळ सांगितलं त्यांनी. “सुमनताई, माझ्या हृदयावर भरवसा ठेवू नका, डॉक्टरही ठेवत नाहीत. मी गेलो तर मुलगा या भानगडीत पडणार नाही, हा तुकडा पुतण्या घेईल. आणि त्याच्या कपाटात तो जुना कागद आहे. तुम्हाला उठवायला त्याला तेवढा पुरे.”

मी म्हटलं, मला कशाला सांगता, मी काय करणार?

म्हणाले, “वाडीत वाचता तुम्हाला येतं. हा नवा कागद मी वाचून दाखवला तर कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. वकिलाचं तर नाहीच नाही. तुम्ही वाचा. तुम्हाला बरोबर वाटला तर वाडीला सांगा, नाही वाटला तर चुलीत घाला.”

आणि नऊ पानं माझ्या पिठाच्या परातीशेजारी ठेवून गेले.

त्या नऊ पानांनी माझी झोप घालवली. मी वाचायचे ती किराणा दुकानाची पाटी, औषधाच्या बाटलीवरचं नाव, मुलीचं पहिलीचं पुस्तक. इथे एक वाक्य अर्धं पान चालायचं. माझ्या वाचण्यावर बत्तीस घरं. वाचून बरोबर आहे म्हटलं आणि आत काही दडलेलं निघालं, तर हौसाबायच्या बापाने जे केलं तेच मी केलं. खोटं आहे म्हटलं आणि खरं असलं, तर वाडी मीच उठवली. मी रोज दुपारी पानं घेऊन बंगलीवर जायला लागले. खोत अर्थ सांगायला घाई करायचे नाहीत. त्यांची एकच शिकवण. “अडलं तिथे बोट ठेवायचं आणि थांबायचं. कोणी कितीही घाई करो, बोट उचलायचं नाही.” मी बोट ठेवायचे, ते शब्द फोडून सांगायचे, मी परत सुरुवातीपासून. एका ओळीला एक दुपारही गेली. कागदाचं नाव बक्षीसपत्र होतं, ते त्यांना आवडायचं नाही. कायद्याला दुसरा शब्द नाही, म्हणायचे, पण घेतलेलं परत देण्याला बक्षीस म्हणताना लाज वाटते.

तिथे मी ओट्यावर बसायचे आणि ते खांबाला टेकून उभे असायचे. एकदा धीर करून विचारलं, तुम्ही बसत का नाही? तर म्हणाले, “याच ओट्यावर आजोबांच्या मांडीवर बसून मी लाडू खात होतो. समोर तुमचे पणजे, त्यांच्यासोबतची माणसं, अंगठ्यासाठी सकाळपासून उन्हात उभी. मी विचारलं, ही माणसं बसत का नाहीत? आजोबा म्हणाले, त्यांना कोणी सांगितलेलं नाही.” एवढंच सांगून पुढच्या ओळीकडे वळले. मग मला ते वाडीतलं उभं राहणं कळलं. मी खाली जाऊन कोणाला सांगितलं नाही. सांगून म्हणवून घेतलेलं ‘बसा’ त्यांना नको असणार, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

सातव्या पानावर चतुःसीमा होती, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते. पश्चिमेस रस्ता. उत्तरेस डोंगर. दक्षिणेस पुतण्याचं नाव. पूर्वेस ओढा. हे मी तीनदा वाचलं तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आमचे मेलेले ओढ्याच्या पलीकडे आहेत. आम्ही पुरतो. माझा बाप तिथे आहे, माझं पहिलं लेकरू तिथे आहे. कागद ओढ्याशी थांबत होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. काशिनाथ म्हणाला, गप राह्य. घरं भेटतान ना, मग मसणासाठी नको भांडू. उद्या खोत चिडला आणि फाडला कागद, तर लोक तुला जित्ती सोडतील काय? त्याचं काही चुकीचं नव्हतं. मी दोन दिवस गप्प राहिले. बंगलीवरही गेले नाही.

तिसऱ्या दिवशी चिंचेखाली वाडी जमली. या वेळी माझ्या बोलावण्यावरून, म्हणून आली. खोत बाजूला उभे. मी वाचायला लागले. आवाज मागे पोचत नव्हता, सखू म्हणाली मोठ्यानं वाच गो, शाळंत गेलेली ना. मी वाचत सातव्या पानावर आले. पश्चिमेस रस्ता, उत्तरेस डोंगर, दक्षिणेस अमुक, पूर्वेस ओढा. तिथे माझं बोट थांबलं. पुढे जावं म्हटलं, पण बोट उचलेना. सगळे बघायला लागले. काशिनाथ डोळ्यांनी सांगत होता, पुढं चल. मी खोतांकडे न बघता म्हटलं, “इथे अडलं. ओढ्यापलीकडे आमची माणसं हायत. ती यात नाहीत.”

हौसाबायने पदर तोंडाशी नेला. खोत पुढे आले, माझ्या हातून पानं घेतली, बोटाच्या जागेवर बघितलं. मग टोपी काढून हातात घेतली. असं टोपी काढलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, “चुकलो. मोजणीवाल्याला मी घरं दाखवली. माणसं दाखवायची राहिली.” आणि त्यांनी ती नऊच्या नऊ पानं मधोमध फाडली. काशिनाथने कपाळावर हात मारला. खोत म्हणाले, “पुन्हा मोजू. पुन्हा लिहू. तुम्ही पुन्हा वाचा.”

वाडीने खोताकडून बरंच काही ऐकलं होतं, पण ‘चुकलो’ कधी ऐकलं नव्हतं. हौसाबाय काठी टेकत उठली. त्यांच्यासमोर गेली. त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “आरं, किती येळ उभा राशील? बस.”

खोत बसले. बाजेवर नाही, तिथेच खाली मातीत, चिंचेच्या मुळाला पाठ लावून. सखूने पाणी आणलं. हौसाबाय शेजारी बसून म्हणाली, “आनि हे तुमी-तुमी काय लावलंय? आमी परकी हाव काय?”

नव्या मोजणीला, नव्या कागदाला दीड महिना गेला. तो दीड महिना मी कसा काढला ते मलाच माहीत. पुतण्याची गाडी रस्त्यावर येऊन थांबायची. मधे खोत आठ दिवस पनवेलला दवाखान्यात होते. ते घरी असले की बंगलीची पूर्वेकडची खिडकी सकाळी उघडायची. वाडी उठल्याबरोबर वर बघायची. हौसाबायला नीट दिसायचं नाही, ती विचारायची, खिडकी उघडली काय गो? आधी आम्ही ती कागदासाठी बघायचो. नुसती त्यांच्यासाठी बघायला कधी लागलो, ते कळलं नाही.

शेवटी पनवेलला कचेरीत गेलो. दोन टेम्पो भरून. मी दहा पानं परत वाचली होती, ओढ्यापलीकडची जागा आठव्या पानावर होती. माझी सही सगळ्यांत आधी झाली, कारण मी करत नाही तोवर कोणी पुढे येईना. मग अंगठे. हौसाबायचा हात शाईच्या डबीजवळ येऊन थांबला. खोत शेजारी उभे होते, धर म्हणाले नाहीत, कर म्हणाले नाहीत. तिने केला. केल्यावर शाई पुसायला फडकं शोधायला लागली, दिसेना, तर तिने खोतांच्या पांढऱ्या शर्टाची बाही ओढली आणि अंगठा तिथे खसाखसा पुसला. म्हणाली, “आता तुज्या अंगाला राहू दे आठ दिवस.” कचेरीतला माणूस घाबरून उठला. खोत हसत होते. पुढच्या सगळ्यांनी मग बाहीच वापरली. दोन्ही बाह्या निळ्या घेऊन ते टेम्पोतून आमच्यासोबत घरी आले, आणि पुढे किती दिवस तोच शर्ट घालून वाडीत यायचे. त्या दिवसानंतर त्यांना दारात उभं राहावं लागलं नाही. लांबून दिसले की पोरंच ओरडायची, बसा बसा.

दोन वर्षांपूर्वी काशिनाथला इकडे काम लागलं. निघताना मी कागदाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवली. महिन्यातून एकदा काढून बघते, शब्द जागेवर आहेत ना म्हणून. खोतांना हे सांगितलं तर ते रागावले नाहीत, म्हणाले बघत जा. इथे वसतिगृहात मुलींना भेटायला लांबच्या पाड्यांवरून आईबाप येतात. चप्पल हातात घेऊन गेटजवळ उभे राहतात. मी भाजी ढवळणं सोडून जाते, त्यांना आत आणते, बसा म्हणते. नाही बसले तर त्यांच्यासोबत उभी राहते. थोड्या वेळाने त्यांनाच माझी दया येते आणि ते बसतात. मुलींना वाचताना अडलं की मी सांगते, बोट ठेव, उचलू नको. मॅडम म्हणतात, तुम्हाला हे कोणी शिकवलं? मी म्हणते, आमच्या खोतांनी. त्यांना वाटतं, खोत कुणी मास्तर असावेत.

परवा बऱ्याच दिवसांनी फोन लागला. सखूने फोन त्यांच्या कानाला धरला होता, हल्ली ती दुपारी तिथेच असते. वाडीत तीन घरांच्या भिंती विटांच्या झाल्या, आपण भट्टीवर पाडल्या तशाच विटा, पण आपल्या दाराला, असं ती आधी सांगून घेत होती. मग खोतांचा आवाज आला, पातळ झालेला. मी विचारलं, तब्येत कशी आहे? म्हणाले, “पाय गेले गं. उभं राहताच येत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत बसून. हौसाबायला सांगितलंय मी, तुझं औषध लागू पडलं, पण फार उशिरा.”

मागून हौसाबायच्या हसण्याचा आणि मग ठसक्याचा आवाज आला. मलाही हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. खोत म्हणाले, “तू काय करतेस आत्ता?” मी म्हटलं, भाकऱ्या. साठ मुलींच्या. “म्हणजे उभीच असशील.”

मी म्हटलं, व्हय.

“मग बस जरा. बोलू निवांत.”

मी गॅस बारीक केला, पिठाचा डबा पुढे ओढला आणि बसले.